मालकांना विचारून सांगतो

...आणि वर मलाच म्हणतात कसे, ‘काका, तुमच्या त्या मालकाला काळीज म्हणून काही आहे की नाही?’ आता यावर माणसाने काय बोलायचं, तुम्हीच सांगा! आहे हो काळीज! हे इथे, डाव्या बाजूला, आत्ता धडधडतंयसुद्धा, हात लावून बघा हवं तर! पण सांगणार कसं? तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही परके, परक्याला सांगायला बरं असतं... ते ज्याला उठता-बसता शिव्या घालतात ना, तो मालक म्हणजे मी! मीच! जरा हळूच बोलतो हं, या जिन्यात आवाज घुमतो आणि मास्तरांचे कान फार तिखट. मास्तर म्हणजे माझे भाडेकरू. शाळेत खेळ शिकवतात, गळ्यात चोवीस तास शिटी. बसा ना, पायरी पुसलेली आहे. मीच पुसतो. मालकांनी सांगितलंय... बघा! बघा आलं तोंडात! इतकी सवय झालीय हो.

हे सगळं केलं आमच्या साडूने. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याची घरं आहेत भाड्याने दिलेली, आणि एकदा माणसाची घरं भाड्याने गेली की त्याच्या बोलण्याला असं काही वजन येतं ना, की तो नुसता खाकरला तरी आपल्याला वाटतं, काहीतरी मोलाचं बोलला. मी आयुष्य काढलं भाड्याच्या दोन खोल्यांत. मालकीणबाई वर, आम्ही खाली. निवृत्तीचा पैसा आला, थोडं कर्ज काढलं आणि या इमारतीत घर घेतलं. आता सरळ माणूस काय करील? राहायला जाईल! हिने तर पडद्याचं कापडसुद्धा बघून ठेवलं होतं. पण साडू खाकरला. ‘राहायला? वेडा आहेस का? घर राहायला नसतं, घर कामाला लावायचं असतं! भाड्यातून हप्ता जाऊ दे, तू आहेस तिथेच रहा, तुझं भाडं जुनं आहे, फुकटात पडतंय तुला!’ ही म्हणाली, ‘अहो, पण पडदे...’ मी म्हटलं, ‘तू थांब गं, भाऊजींना त्यातलं कळतं.’ झालं! त्या एका वाक्याने माझं घर गेलं कामाला आणि मी गेलो कामातून.

मग त्याने मला नियम सांगितले. भाडेकरूला भिंतीत खिळा मारू द्यायचा नाही. भाडेकरूच्या घरी चहा प्यायचा नाही, चहा प्यायला की माणूस पातळ होतो. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे... इथे त्याने दार लावून घेतलं, माझ्याच घराचं दार... ‘आपण मालक आहोत हे सांगायचंच नाही!’ म्हटलं, म्हणजे? ‘म्हणजे म्हणायचं, मी नुसता देखरेखीला. मालक परगावी असतात, भयंकर कडक माणूस. तो काहीही मागो, नळ मागो, रंग मागो, आपण एकच म्हणायचं, मालकांना विचारून सांगतो. मग दोन दिवस जायचं नाही. मग जायचं आणि तोंड पाडून म्हणायचं, मालक नाही म्हणाले हो! नकार त्याचा, चांगुलपणा तुझा!’ काय सांगू तुम्हाला, मला त्या क्षणी साडूच्या पाया पडावंसं वाटलं. असा नुसत्या तोंडाने वाचणारा पैसा मी जन्मात पाहिला नव्हता!

आता तुम्ही विचाराल, करार? करारावर नाव नसतं का? अहो, नाव आहे, सही आहे, फोटोसुद्धा आहे! पण करार वाचतो कोण? आणि मला सगळे नुसतं काका म्हणतात, माझं नाव कुणाला ठाऊक? दलालाने मास्तरांची सही घेतली शाळेच्या मैदानावर, रिले चालू असताना, पाठीवर कागद ठेवून, कुणाच्या तरी पाठीवर! आणि फोटो माझा असला तरी तो लग्नानंतरचा. जपून ठेवलेला, कारण त्यात मला केस आहेत. भरपूर. मधोमध भांग, खाली मिशी. आता बघा माझ्याकडे... हसू नका. मास्तरांनी मागाहून कधीतरी तो फोटो बघितला, मलाच दाखवला आणि म्हणाले, ‘काका, हा माणूस बघा. डोळ्यांतच कपट आहे की नाही? आणि हे केस! असे केस चोपून बसवणारा माणूस सरळ असूच शकत नाही.’ मी म्हटलं, ‘नाही हो, तसा बरा दिसतो.’ तर म्हणाले, ‘तुम्ही भले, म्हणून तुम्हाला सगळे भले दिसतात.’

पहिली तक्रार नळाची. मागच्या खोलीला लागून न्हाणीघर आहे, तिथला नळ गळतो. टप... टप... मास्तर आले, ‘काका, नळ.’ मी म्हटलं, ‘मालकांना विचारून सांगतो.’ अहाहा! काय गोड वाक्य आहे हो! पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा जिभेवर साखर ठेवल्यासारखं झालं. दोन दिवसांनी गेलो, तोंड पाडलं, म्हटलं, ‘मालक नाही म्हणाले. म्हणाले, नळ आहे, गळायचाच.’ हे मी माझ्या मनाचं घातलं, जरा रंगत यावी म्हणून! आणि खरं सांगतो, मला ते जमत होतं, कारण जन्मभर मी दुसऱ्या बाजूला होतो ना! मालक लोक काय काय बोलतात, भाडेकरूच्या पोटात त्याने कुठे दुखतं, सगळं मला पाठ! मास्तर लाल झाले. ‘गळायचाच? असं म्हणाला?’ म्हटलं, ‘हो ना.’ ‘नीच माणूस!’ मी म्हटलं, ‘अगदी!’... आता हे ‘अगदी’ म्हणायची काही गरज होती का? पण निघून गेलं. आणि मग मास्तरांच्या बायकोने, ती नर्स आहे, सगळी इमारत तिला सिस्टर म्हणते, तिने आतून चहा आणला. म्हणाली, ‘बिचाऱ्या काकांना दोन्हीकडून बोलणी. घ्या काका, आलं घातलंय.’ मी घेतला. तुम्हाला सांगतो, इतका चांगला चहा मी आमच्या घरी... जाऊ दे. ही ऐकेल.

बरं, एवढ्यावर थांबावं ना? नाही. मास्तर मला विचारतात, ‘काका, पगार किती देतो तो?’ मी गडबडलो. खोटं बोलायला तयारी लागते, आणि साडूने पगाराचं काहीच शिकवलं नव्हतं. म्हटलं, ‘पगार... नाही देत.’ ‘नाही देत?’ मास्तर उठून उभे राहिले. ‘या वयात? जिने चढायला लावतो आणि पगार नाही? काका, मला नंबर द्या त्याचा!’ मी म्हटलं, ‘मालकांना विचारून सांगतो.’ ‘विचारू नका! नंबर द्या!’ शिटीच वाजवली हो माणसाने! शाळेत तीस पोरं जिच्यावर थांबतात त्या शिटीवर मी एकटा काय टिकणार? दिला. हिचा एक जुना फोन पडला होता, त्याचा दिला.

आणि दुसऱ्या दिवशी तो वाजला. आता आवाज कसा बदलायचा? मी धावत न्हाणीघरात गेलो, कडी लावली, आणि तोंडापुढे बादली धरली. रिकामी बादली. तिच्यातून आवाज असा येतो ना, भारदस्त! ‘हॅलोऽऽ, कोण बोलतंय?’ मलाच माझी भीती वाटली. मास्तर म्हणाले, ‘मी तुमच्या काकांबद्दल बोलतोय. तो देवमाणूस आहे. तुम्हाला लाज वाटत नाही?’ तुम्हाला खोटं वाटेल, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं! साठी उलटून गेली, माझ्या बाजूने इतकं ताडताड कुणी बोललं नव्हतं... घरचे नाहीत, ऑफिसातले नाहीत, कुणी नाही! पण मी बादलीत होतो ना, मला कडकच राहायला हवं. म्हटलं, ‘बघतो.’ ‘बघतो नाही! पगार द्या!’ ‘देतोऽऽ!’ म्हणजे बघा, मी मला पगार कबूल केला! तेवढ्यात बाहेरून ही दार बडवायला लागली, ‘अहो, बादली घेऊन काय बसलात आत? धुणं खोळंबलंय माझं!’ मी फोन कापला. संध्याकाळी मास्तर म्हणतात, ‘काका, काम झालं. पगार देणार तो. पण घरात काही बरं नाही हो त्याच्या. बायको ओरडत होती मागे. आवाज अगदी आपल्या काकूंसारखा... बिचारीचं काय होत असेल अशा माणसाबरोबर!’ हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, ‘मास्तरांना माणसांची पारख आहे.’

ही या सगळ्यात नव्हती, हं. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘तुमच्या खोट्यात मला घेऊ नका.’ पण सिस्टरला दिवस गेले, आणि मग ही कुठली ऐकतेय! रोज डबा घेऊन तिकडे. मी म्हटलं, अगं, भाऊजींचा नियम आहे, भाडेकरूशी अंतर ठेवायचं. तर म्हणाली, ‘मी कुठे मालकीण आहे? मी देखरेखीवाल्याची बायको!’ 

इथवर सगळं हसण्यावारी होतं. म्हणजे तुम्ही हसत होतात, मी नव्हतो. पण मग आमच्या मालकीणबाई खाली आल्या. खऱ्याखुऱ्या, आमच्या दोन खोल्यांच्या. किल्ल्यांचा जुडगा वाजवत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, ‘माझा मुलगा परत येतोय, बायकापोरांना घेऊन. खालच्या खोल्या लागतील हो. महिनाअखेरपर्यंत बघा. आणि तुम्हाला काय काळजी, तुमचं स्वतःचं घर आहे ना आता!’ मी म्हटलं, ‘बाई, इतकी वर्षं...’ तर म्हणाल्या, ‘माझ्या हातात काय आहे? मुलगा ऐकत नाही.’ बघितलंत? तिचाही कुणीतरी होता, ज्याला विचारून सांगायचं! ती गेली आणि मी हिच्याकडे बघितलं, आणि ही भिंतीकडे बघत होती. त्या भिंतीवर आमच्या मुलीची उंची दरवर्षी पेन्सिलने मारलेली आहे.   मला एवढं वाईट वाटलं ना त्या दिवशी, की जेवण गेलं नाही.

मग उपाय एकच. आपलं घर रिकामं करून घ्यायचं आणि राहायला जायचं. साडूला फोन केला. तो खाकरला. ‘त्यात काय? जा आणि सांग, मालक म्हणाले घर खाली करा!’ गेलो. जिना चढताना चारदा घोकलं. दार उघडलं सिस्टरने. दिवस भरत आलेले, एक हात कमरेवर, पाय सुजलेले, आणि तरी म्हणते, ‘या काका, चहा टाकते.’ सांगा, कसं म्हणायचं? तरी डोळे मिटले आणि म्हटलं, ‘मालक म्हणाले... घर खाली करा.’ ती मटकन खाली बसली. मास्तर आतून आले, हातात दोरीउड्यांच्या दोऱ्या. ‘काय म्हणाला?’ मी म्हटलं, ‘मास्तर, त्यालाही अडचण असेल हो काही! त्यालाही राहायला घर नसेल! म्हातारी बायको असेल, कुठे जाईल तो?’ आणि काय सांगू, बोलता बोलता मला रडू फुटलं. म्हटलं, ‘माझ्या पण खोल्या जातायत मास्तर, महिनाअखेरला...’

मास्तरांनी दोऱ्या खाली टाकल्या. मग सावकाश म्हणाले, ‘म्हणजे... तुम्हालाही काढलं त्याने?’

मी म्हणणार होतो, नाही. खरंच म्हणणार होतो. पण तोवर मास्तरांनी मला पोटाशी धरलं होतं, आणि ती शिटी माझ्या बरगडीत अशी रुतली होती की बोलताच येईना. ‘काका, बस झालं! आम्ही घर सोडणार नाही. करार आहे आमचा, बघू काय करतो तो! आणि तुम्ही कुठेही जायचं नाही. मागची खोली आहे. त्यात माझं खेळाचं सामान आहे, ते सरकवू. तुम्ही आणि काकू इकडे या. त्याला कळू द्यायचं नाही म्हणजे झालं!’ तुम्हाला सांगतो, मी हे ऐकलं आणि सवयीने म्हटलं, ‘मालकांना विचारून...’ मास्तर ओरडले, ‘काका!’

तर असं आलो आम्ही राहायला. माझ्याच घरात, मागच्या खोलीत, पोटभाडेकरू म्हणून, चोरून! मी खोलीचं भाडं मास्तरांना देतो, मास्तर त्यात आपलं घालून मालकाला पाठवतात, ते माझ्याकडे येतं, आणि माझ्याकडून बँकेत जातं. माझा पैसा माझ्यापेक्षा जास्त फिरतो! खोलीत एका बाजूला आमची गादी, दुसऱ्या बाजूला जाळीत भरलेले चेंडू, डंबेल्स, आणि कोलांट्या मारायच्या गाद्यांची एक भली मोठी गुंडाळी, भिंतीला टेकवून. हिचं पडद्याचं कापड? लावलंय की! खिडकीला नाही. बाहेरून कुणी बघू नये म्हणून मास्तरांनी खिडकीला पुठ्ठा ठोकलाय. खिळे मारून. माझ्या भिंतीत. मी हातोडी धरून दिली. कापड लावलंय आमच्या आणि चेंडूंच्या मधे.

नाही, मी सांगायचा प्रयत्न केला हो! असं नका समजू. एकदा सकाळी सगळं बळ एकवटून म्हटलं, ‘मास्तर, सिस्टर, बसा. मालक मीच आहे.’ दोघं बसले. एकमेकांकडे बघितलं. मास्तर हळू आवाजात म्हणाले, ‘काका, झोप झाली का नीट?’ म्हटलं, ‘मीच आहे! फोटो काढा तो करारावरचा!’ काढला. मी शेजारी तोंड धरलं, असं. मास्तरांनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. आणि माझा हात हातात घेतला. ‘काका, त्याची आणि तुमची बरोबरी? त्याने इतकं छळलं तुम्हाला की तुम्ही त्याचे गुन्हेसुद्धा स्वतःवर घ्यायला लागलात?’ तोवर सिस्टरने आतून ते दाब मोजायचं यंत्र आणलं, माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुस फुस फुस... आणि म्हणाली, ‘बघा! बीपी किती वाढलंय! म्हणूनच असं बोलताहेत.’ मी हिच्याकडे बघितलं. म्हटलं, तू सांग! चाळीस वर्षांची तू साक्षीदार! आणि ही शांतपणे म्हणाली, ‘खोट्यात मला घेऊ नका म्हटलं होतं ना? मग आता खऱ्यातही नका घेऊ.’ तेव्हापासून माझं मीठ बंद आहे.

फोन मात्र चालू आहे! आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो जुना फोन थरथरला. मी गाद्यांच्या गुंडाळीत डोकं घातलं, बादली आणायला वेळ कुठला, आणि उचलला. मास्तर पुढच्या खोलीतून बोलत होते! एका कानात फोनमधून, दुसऱ्या कानात भिंतीतून: ‘आम्ही हलणार नाही! आणि काकांना बेघर केलंत ना? ते कुठे आहेत हे तुम्हाला सात जन्मांत कळणार नाही!’ मी गादीतून म्हटलं, ‘बरंऽऽ.’ दुसरं काय म्हणणार? मला खरंच कळत नव्हतं, मी कुठे आहे.

आणि मास्तरांनी सराव घेतलाय आमचा. ‘त्याचा भरवसा नाही, कधीही टपकेल. दारावरची बेल वाजली की मी शिटी वाजवेन. शिटी झाली की दोघांनी गाद्यांच्या मागे.’ रोज संध्याकाळी सराव! आधी मी उशीर करायचो, म्हटलं, मी कशाला लपू, येणार कोण आहे? जो यायचाय तो आलेला आहे! पण मास्तर तोंडाने वेळ मोजतात हो, आणि हिची उडी बघून म्हणतात, ‘शाब्बास काकू! काका, जरा काकूंकडून शिका!’ मग माणसाला ईर्ष्या येते. परवा खरंच बेल वाजली. शिटी व्हायच्या आधी मी गाद्यांच्या मागे होतो! मास्तरांच्याही आधी मला वाटलं, मेलो, मालक आले!

कुणी नव्हतं, दूधवाला चुकून आला होता. पण मास्तरांची दुसरी शिटी होईपर्यंत बाहेर यायचं नाही असा नियम, आणि ते दूधवाल्याशी बोलत बसले. तिथे काळोख, घामाचा वास, ही माझ्या खांद्याला खांदा लावून उभी. आणि पलीकडे न्हाणीघरात टप... टप... रात्रंदिवस टप टप आहे हो आमच्या उशाशी, डोळ्याला डोळा लागत नाही. हिने हळूच विचारलं, ‘अहो, अजून किती दिवस राहायचं असं?’ मी म्हटलं, ‘मालकांना विचारून सांगतो.’

मला वाटलं, आता ही चिडणार. पण नाही. म्हणाली, ‘विचारालच तर एक काम करा. त्यांना म्हणावं, तेवढा नळ तरी दुरुस्त करून द्या.’

मी म्हटलं, ‘नाही गं देणार. मी ओळखतो त्याला.’